रिमांडच्या आधी

घरातल्या कोणाला पोलिसांनी उचललं की पहिला फोन वकिलाला जात नाही. तो सरपंचाला जातो, मग पंचायत समितीच्या सदस्याला, मग कोणाच्या तरी मेव्हण्याला, कारण तो म्हणे ठाण्यातल्या हवालदाराच्या वर्गात होता. रात्र अशी फोनाफोनीत जाते. सकाळी ठाण्यासमोर दोन-तीन मोटारसायकली उभ्या राहतात. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत', 'थांबा जरा', 'चौकशी करून सोडतील' हे ऐकत दुपार होते, आणि तोवर पोरगा गाडीत बसून कोर्टाकडे निघालेलाही असतो. मग धावाधाव. आवारात जो पहिला काळा कोट दिसेल तो गाठायचा. बऱ्याचदा तो माझा असतो.

मी एका जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात काम करते. फौजदारी खटल्यातल्या आरोपीला सरकारी खर्चानं वकील देणारं हे कार्यालय. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, म्हणजे नालसानं, ही योजना २०२२ मध्ये आणली. त्याआधी मी जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होते, जोडीला खाजगी वकिलीही होती. आता खाजगी वकीलपत्र घेता येत नाही. पगारी, पूर्णवेळ आणि फक्त आरोपींचं काम. नातेवाईक मला 'मॅडम' म्हणतात, खेड्यातल्या म्हाताऱ्या 'वकीलीणबाई' म्हणतात, आणि आवारातले काही जुने वकील चहाच्या टपरीवर जे म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही.

या नोकरीत माझं एक मत पक्कं झालं आहे. आरोपीला वकील कोणता मिळाला यावर लोक फार बोलतात. कधी मिळाला हे कोणी विचारत नाही. खटला उभा राहिल्यावर आलेला नामांकित वकील पुष्कळ काही करू शकतो, पण पहिल्या रिमांडला जे हातचं जातं ते त्याला परत आणता येत नाही.

आमच्याकडे रिमांड बहुतेक दुपारच्या सत्रात लागतात. पोलीस आरोपीला घेऊन व्हरांड्यात उभे असतात. रिमांड रिपोर्टची प्रत कधी मागितल्यावर मिळते, कधी दोनदा मागितल्यावर. त्यात पोलीस कोठडी कशासाठी हवी त्याची कारणं असतात: 'गुन्ह्यातील मुद्देमाल हस्तगत करणे आहे', 'साथीदारांचा शोध घेणे आहे', 'गुन्ह्याचा सखोल तपास करणे आहे'. ही वाक्यं मला झोपेतही म्हणून दाखवता येतील. खून असो की विहिरीवरची मोटर चोरीला गेलेली असो, वाक्यं तीच. पुकार होईपर्यंत हातात पाच-दहा मिनिटं असतात. तेवढ्यात रिपोर्ट वाचायचा, अटकेची वेळ पाहायची, आरोपीशी बोलायचं आणि वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा.

अटकेची वेळ पाहायची, कारण चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचं बंधन संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. कागदावर अटक आज सकाळी सात वाजताची असते आणि बायको सांगते, काल दुपारी तीनला घरून नेलं. मधले सोळा तास तो 'चौकशीसाठी बसून' होता. बसवून ठेवणं नावाची कुठलीही अवस्था कायद्यात नाही. माणूस एकतर मोकळा असतो, नाहीतर अटकेत. पण हे कोर्टात दाखवायचं तर काल दुपारी तीनचा काहीतरी पुरावा लागतो. म्हणून मी नातेवाइकांना पहिली गोष्ट विचारते ती ही, की नेलं तेव्हा कोणाला फोन केला होता का, मेसेज पाठवला होता का. मोबाइलमधला तो मेसेज मी कोर्टापुढे ठेवला आहे आणि त्यावर तपासी अंमलदाराला खुलासा द्यावा लागला आहे.

अटकेची कारणं हा दुसरा कागद. पूर्वी 'कारणं तोंडी सांगितली' एवढ्यावर भागायचं. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयानं एकामागून एक निकालांत ही कारणं लेखी देण्यावर जोर दिला आहे, आणि त्यातला एक निकाल मुंबईतल्याच एका प्रकरणात लागला. तरीही हातात येतो तो छापील नमुना. वर नाव बदललेलं, खाली कलम बदललेलं, मधला मजकूर जसाच्या तसा. आरोपीला विचारलं, 'यात काय लिहिलंय?' तर तो म्हणतो, 'सही कर म्हणाले, केली.'

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तर अटक हा पहिला मार्गच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे बजावलं: अशा गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्या, आणि अटक करायचीच तर का करावी लागली ते लिहा, आणि दंडाधिकाऱ्यांनीही ते कारण तपासल्याशिवाय कोठडी देऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३५ मध्ये आहे. पण दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर त्या दुपारी पंधरा-वीस रिमांड असतात. नोटीस का दिली नाही हा प्रश्न कोणीतरी उभं राहून विचारावा लागतो. आरोपीच्या बाजूला माणूस असेल तर तो विचारला जातो. नसेल तर पोलीस कोठडी मंजूर होते आणि पुढची पुकार होते.

आरोपी हजर झाला की न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' उत्तर ठरलेलं असतं: 'नाही साहेब.' ज्यानं मारलं तो मागे दोन हातांवर उभा असतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्याच ताब्यात जायचं असतं. दुसरं काय उत्तर येणार? म्हणून मी पुकारीआधी आरोपीला बाजूला घेऊ देण्याचा आग्रह धरते. पोलीस शिपाई म्हणतो, 'मॅडम, इथंच बोला की, आम्ही कुठं ऐकतोय.' त्याच्याशी भांडत नाही. कोर्टाची परवानगी मागते, ती बहुधा मिळते. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हळूच विचारलं की माणूस पाय दाखवतो. मग वैद्यकीय तपासणीचा अर्ज जागच्या जागी हातानं लिहून द्यायचा. टाइप करायला वेळ नसतो आणि सूज दोन दिवसांत उतरते.

या सगळ्याला कायद्याचा आधार आज मिळाला असं नाही. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, असं पत्र शीला बर्से या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं होतं. त्यावर १९८३ मध्ये निकाल झाला. महाराष्ट्र शासनाला उद्देशून त्यात एक आदेश होता: कोणालाही अटक करून कोठडीत टाकलं की पोलिसांनी ताबडतोब जवळच्या कायदेविषयक मदत समितीला कळवावं. ताबडतोब. या आदेशाला चाळीस वर्षं उलटून गेली. आमच्या कार्यालयाला ठाण्यातून असा फोन येतो का, असं कोणी विचारलं तर मी म्हणते, काही ठाण्यांतून येतो. नालसानं २०१९ मध्ये अटकेच्या आधी, अटकेच्या वेळी आणि रिमांडला मदत कशी पोहोचवायची याची रीतसर चौकटही आखून दिली. विधी स्वयंसेवकांचे नंबर ठाण्यांच्या भिंतीवर लागले. एका ठाण्यात तो तक्ता मी पाहिला, त्याच्यापुढे कपाट उभं होतं.

ठाण्यात जाऊन आरोपीला भेटायचा हक्क वकिलाला आहे. चौकशीच्या दरम्यान भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही, अशी कायद्याची भाषा आहे. विदेशी सिनेमात दिसतं तसं वकील शेजारी बसून 'या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस' म्हणतो, ते आपल्याकडे नाही. तरी पाच मिनिटांच्या भेटीनंही फरक पडतो. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही पण 'इथं लपवलंय' म्हणून काढून दिलेली वस्तू चालते, एवढं दोनच गोष्टींचं शहाणपण त्याच्या कानावर पडलं तरी पुरे. 'खरं सांगितलंस तर सोडतो' या वाक्यावर विश्वास ठेवून आयुष्यातून उठलेली पोरं मी पाहिली आहेत.

आता फुकटच्या वकिलाबद्दल. वडील माझ्यासमोर उभे असतात आणि त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं की यांना पैसे सरकार देतं, म्हणजे या सरकारच्या. पलीकडे उभा सरकारी वकील आणि ही बाई एकाच ताटात जेवणार. तोंडावर बोलत नाहीत. 'मॅडम, तुम्ही बघाच, पण आम्ही एक चांगला वकीलही बघतो' असं म्हणतात. मला राग येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं आपल्या पसंतीचा वकील जरूर करावा, तो संविधानानं दिलेला हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच असतं की तो येईपर्यंत आजच्या रिमांडला मला उभं राहू द्या. उद्या वकीलपत्र बदलता येतं, आजची सुनावणी उद्या होत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच जमातीचा. कोर्टाच्या आवारात काही माणसं फिरत असतात. ना वकील, ना कारकून. त्यांची 'आत ओळख' असते. वीस हजारांत कलम कमी करून देतो, चाळीसमध्ये आजच जामीन. बाप म्हैस विकतो, आई गळ्यातलं गहाण टाकते. जामीन मुळात मिळण्याजोगाच असतो, तो मिळतो, आणि श्रेय त्या माणसाला जातं. मिळाला नाही तर 'वरून प्रेशर आलं'. दोन्हीकडून त्याचा धंदा बुडत नाही. ज्या घरात जामिनाची रक्कम भरायची ऐपत नसते त्याच घरातून हा पैसा कसा बाहेर निघतो, हे मला अजून कळलेलं नाही. नाही, कळतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर गरिबाचा विश्वास नसतो, कारण फुकटच्या नावाखाली त्याला आजवर जे मिळालं ते कधी धड नव्हतं. रेशनचा तांदूळ निवडताना त्यानं तेच पाहिलं आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो याबद्दलही गैरसमज आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं, दिव्यांग, औद्योगिक कामगार अशी त्यात यादी आहे, आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले इतरही. पण कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, हीही त्यातच आहे. तिला उत्पन्नाची अट नाही, जातीच्या दाखल्याची गरज नाही. तरी नातेवाईक तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहतात, आणि मी इथे त्यांची वाट पाहते.

आणि मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, असंही कायदा म्हणू देत नाही. १९८६ च्या सुकदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरोपीनं अर्ज केला नव्हता ही सबब चालणार नाही. कसाबच्या अपिलाच्या २०१२ च्या निकालात तर प्रत्येक दंडाधिकाऱ्यावर कर्तव्य टाकलं, की पहिल्यांदा हजर झालेल्या आरोपीला वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव करून द्यायची आणि त्याच्याकडे साधन नसेल तर सरकारी खर्चानं वकील द्यायचा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, हा कोर्टाबाहेरच्या लोकांचा समज. आमच्या कामाचा मोठा हिस्सा त्यानंतर सुरू होतो.

एक पोरगा होता, विशीतला. (या लेखातल्या माणसांची गावं आणि नाती मी थोडी फिरवली आहेत.) शेजारच्या शिवारातल्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. नोटिशीवर भागलं असतं. त्याला अटक झाली. आई-वडील मुकादमाच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि धाकटी बहीण. रिमांडला मी होते. पोलीस कोठडी टळली, जामीनही लगेच मंजूर झाला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

जामीनदार म्हणजे ज्याच्या नावे सातबारा किंवा घरपट्टीची पावती आहे, आणि जो कोर्टात येऊन शपथेवर सांगेल की हा पळाला तर पैसे मी भरीन. आजीच्या नावे काही नव्हतं. चुलत्याच्या नावे दीड एकर होती, पण तो म्हणाला, 'चोराला जामीन राहिलो तर गावात तोंड कुठं दाखवू?' बापाला फोन लावला. मुकादमानं उचल दिलेली. कोयता ठेवून गावी यायला परवानगी नाही. बाप फोनवर रडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता, 'मॅडम, आमचं पोरगं आत जेवतंय ना?' कारखान्याकडचा एक मुनीम जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. कोर्टाच्या कार्यालयातून सांगण्यात आलं, स्थानिक जामीनदार आणा.

हे ऐकलं की मला १९७८ चा मोतीराम खटला आठवतो. मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला आणि तपशील खालच्या कोर्टावर सोडला. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर खरपूस लिहिलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. हा निकाल प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवतात. मी ज्या वर्गात तो शिकले त्या वर्गातले काही जण आज न्यायाधीश आहेत.

आमचा पोरगा आतच राहिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या सूचनांप्रमाणे जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगानं जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. ती यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. मी अट शिथिल करण्याचा अर्ज केला, आजीला सोबत घेऊन. आजीनं कोर्टात काही बोलायचं नव्हतं, पण न्यायाधीशांनी विचारलं, 'आजी, हा तारखेला येईल का?' तेव्हा ती म्हणाली, 'न्हाई आला तर मी आणीन की वढून.' जातमुचलक्यावर सुटला. दर रविवारी ठाण्यात हजेरी. मोटर अजून सापडलेली नाही.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्रानं २०२३ मध्ये गरीब कैद्यांना मदत करणारी एक योजनाही काढली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम त्यातून भरता येते, आणि तो निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. योजना बरी आहे, तिच्याइतके कागद मात्र कुठल्याच जामीन अर्जाला लागत नाहीत.

तुरुंगातल्या भेटीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न 'माझी तारीख कधी?' हा. दुसरा, 'दोषारोपपत्र आलं का?' हा दुसरा प्रश्न विचारणारा कैदी जुना असतो. तपास ठरल्या मुदतीत संपला नाही, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवस आणि इतरांत ६०, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजणीत धरायचा, हे २०२३ मध्ये पक्कं झालं. तोंडी मागितला तरी चालतो, असं २०१७ मध्ये ठरलं. आमच्या कार्यालयात भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे आणि त्यावर लाल पेनानं खुणा आहेत. कोर्टातल्या घणाघाती उलटतपासणीची कौतुकं लोक करतात. माझ्या हिशेबी सगळ्यात जास्त माणसं या कॅलेंडरनं सोडवली आहेत.

वकील मिळाला तरी आरोपी वकिलाशी खरं बोलतोच असं नाही. त्यालाही माझ्याबद्दल तीच शंका असते जी त्याच्या बापाला. एका मारामारीच्या प्रकरणातला माणूस मला शपथेवर सांगत होता, 'मॅडम, मी त्या दिवशी गावातच नव्हतो, सासुरवाडीला होतो.' जामीन अर्जात तसं लिहिण्याआधी मी सासुरवाडीला फोन लावला. सासरा साधा माणूस, म्हणाला, 'जावई? ते तर दिवाळीपासून आले न्हाईत.' दुसऱ्या भेटीत मी त्याला एवढंच सांगितलं की वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाला तुझ्या परवानगीशिवाय कोणापुढे उघड करता येत नाही, कोर्टापुढेसुद्धा. साक्षीचा कायदाच तसं संरक्षण देतो. तेव्हा त्यानं सांगितलं, की तो तिथे होता आणि सोडवायला मध्ये पडला होता. त्याच्या हातावर मारामारीतल्या काठीची जखम होती आणि सरकारी दवाखान्यातल्या नोंदीत ती आली होती. खोट्यानं तो बुडाला असता, खऱ्यात त्याचा बचाव आयता पडून होता.

अर्थात सगळ्यांच्या खऱ्यात बचाव नसतो. काही जणांनी केलेलं असतं, आणि जे केलेलं असतं ते ऐकून घरी गेल्यावर जेवण जात नाही. एका पोरीच्या प्रकरणात आमच्याकडच्या वकील मंडळींनी आरोपीचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही असा ठराव केला. असे ठराव बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच म्हटलं आहे, पण तापलेल्या गावात निकाल कोण वाचतो. फाइल आमच्या कार्यालयात आली. किराणा दुकानदारानं सामान बांधता बांधता विचारलं, 'तुम्हीच का त्याच्या वकील?' सासूबाईंनी घरात विचारलं, 'तू त्याला सोडवणार?' मी म्हटलं, 'सोडवणं माझ्या हातात नाही. जे विचारायला पाहिजे ते विचारणं माझ्या हातात आहे.' त्यांचं समाधान झालं नाही. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं.

त्यांना पटलं ते दुसऱ्या कारणानं. १९९७ च्या दिल्लीतल्या बसमधल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. बहुतेक साक्षी नोंदवल्या तेव्हा त्याला वकीलच नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. २०१२ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि खटला नव्यानं चालवा असा आदेश निघाला. म्हणजे पंधरा वर्षांनी सगळ्या साक्षीदारांना पुन्हा बोलवायचं, ज्यांची माणसं गेली त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. 'आई, त्या पोरीच्या आईला दहा वर्षांनी परत कोर्टात उभं करायचंय का?' असं मी विचारलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डबा भरून ठेवलेला होता.

मध्यमवर्गीय घरांतून येणाऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांना अटक होत नाही, नोटीस येते: सुनेनं दिलेली तक्रार, सोसायटीतलं भांडण, चेकचा किंवा फ्लॅटचा व्यवहार. ते नोटीस कपाटात ठेवतात. 'आपण काही केलंच नाही तर जायचं कशाला?' असा त्यांचा सवाल. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं नाही तर तेच अटकेचं कारण होऊ शकतं, हे सांगितलं की चेहरे उतरतात. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर हजेरीपट चोख ठेवलेला माणूस, आणि पोलिसांच्या नोटिशीची तारीख चुकवतो, केवळ शरमेनं. तारखेला जावं, वकिलाला विचारून जावं, गेल्याची पोच घ्यावी. आणि घरातल्या स्त्रीवर गुन्हा असेल, मग ती कितीही पैसेवाली असो, तिला मोफत वकिलाचा हक्क आहे. हे ऐकून एका बाईंनी मला विचारलं होतं, 'मग आधी त्या वकिलांना दिलेले परत मिळतील का?' नाही मिळत.

आमच्या व्यवस्थेत उणिवा आहेत. एकेका वकिलावर फायलींचा ढीग आहे, तालुक्याच्या कोर्टांपर्यंत आमची माणसं सगळीकडे पोहोचलेली नाहीत, आणि चांगलं काम करणारे तरुण दोन वर्षांत खाजगी वकिलीकडे वळतात, कारण करार ठरावीक मुदतीचा आणि मानधन बेताचं. आमच्यातही रिमांडला उभं राहून 'माय लॉर्ड, योग्य तो आदेश व्हावा' एवढंच म्हणून खाली बसणारे आहेत. पण खाली बसणाऱ्याला बदलून मागता येतं. सचिवांकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. मोफत आहे म्हणून मिळेल तेच घ्यावं असा नियम नाही.

रात्री कोणाला उचललं तर कोणत्या ठाण्यात नेलं ते विचारा, आणि नेल्याची वेळ कोणाला तरी मेसेज करून ठेवा. १५१०० हा नालसाचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. सकाळी कोर्ट उघडलं की आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. जिल्ह्याच्या न्यायालयात ते असतंच, तालुक्याला तालुका समिती असते. येताना अटक झालेल्याचं पूर्ण नाव, वय आणि ठाण्याचं नाव आणा, आणि जामीन राहील अशा एका माणसाचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती. उत्पन्नाचा दाखला आणू नका, तो लागत नाही.